टिंबाच्या पुढचं नाव

२० जानेवारी १९९१, रविवार. दम्माम, सौदी अरेबिया. बाथरूमच्या खिडकीला चिकटपट्टी लावायची राहिली होती, ती लावत होते. इराकच्या रॉकेटातून विषारी वायू आला तर एक खोली चारही बाजूंनी बंद करून बसायचं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या बाथरूमची खिडकी वहीएवढी, म्हणून मी बाथरूम निवडलं. नवरा, इक्बाल, अबकैकच्या तेलाच्या प्लान्टवर होता. लढाई सुरू झाल्यापासून त्याला तिथून हलायची परवानगी नव्हती. घरात मी आणि अकरा वर्षांची नसीम. ती पट्टीचे तुकडे कापून देत होती, मी स्टुलावर उभी होते.

फोन वाजला. उम्म फैसल, म्हणजे आमच्या कफीलची बायको. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इकामा, राहण्याचा परवाना, असतो आणि ज्याच्या तिजोरीत आपले पासपोर्ट असतात तो.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "म्युझियम बांधायचंय. आम्ही लढाईपासून लांब, डोंगरात ताइफला चाललो. ड्रायव्हर पाठवते."

"सगळंच नेणार?"

"सगळं. मुलं, खोकी, मबरूका."

हा क्रम तिचा, माझा नाही. फोन ठेवून मी पुन्हा स्टुलावर चढले, पण उरलेली पट्टी वाकडी लागली. मबरूका सहा आठवडे माझ्याशी धड बोलली नव्हती आणि त्यात चूक तिची नव्हती.

म्युझियम म्हणजे फार काही नव्हे. शेखांच्या, म्हणजे आमच्या कफीलच्या, जुन्या घराच्या मागच्या चार खोल्या. मोती काढणाऱ्यांच्या दोऱ्या आणि दगड, कॉफीची भांडी, उंटाची खोगिरं, नवरीचा जुना पोशाख घातलेला एक लाकडी पुतळा. गुरुवारी बायकांचा दिवस असायचा. तेल कंपन्यांतल्या गोऱ्या बायका यायच्या, कधी शाळेच्या मुली यायच्या. उम्म फैसल सगळ्यांना खोल्या दाखवायची, मग कॉफी. मी मुंबईत टायपिस्ट होते आणि लहानपणी कुराण शिकल्यामुळे अरबी अक्षर वळणदार होतं. म्हणून वस्तूंखालची कार्डं करायचं काम मला मिळालं. इंग्रजी टाइप करायचं, अरबी हाताने लिहायचं.

मबरूका त्या घरची म्हातारी. काळी, उंच, पाठीत किंचितही वाक नसलेली. वय तिला ठाऊक नव्हतं. सत्तरीची तरी असेल. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही म्हणायचे. ती मला उम्म नसीम म्हणायची, म्हणजे नसीमची आई. तिकडे तशीच रीत आहे. मूल झालं की बाई मुलाच्या नावाने ओळखली जाते. मबरूकाला मूल नव्हतं. म्हणून ती नुसतीच मबरूका.

तिचं काम झाडलोट आणि कॉफी. पण गुरुवारी उम्म फैसल पुढच्या खोलीत गेली, की मागे राहिलेल्या बायकांना ती आपलं म्युझियम दाखवायची. वस्तू त्याच, गोष्टी वेगळ्या. मोती काढणारे नाकाला लावायचे तो कासवाच्या पाठीचा चिमटा ती उचलायची आणि समोरच्या बाईच्या नाकाला सरळ लावायची.

"आता श्वास घे," म्हणायची.

बाई हसायची, मग तिला श्वास घेता यायचा नाही, मग हसणं थांबायचं. तेव्हा मबरूका चिमटा काढून सांगायची, "माझा मरजान दिवसातून पन्नास वेळा असा खाली जायचा. वर आल्यावर मोती मालकाचा. मरजानही मालकाचा." मरजान तिचा नवरा. पाण्याच्या दाबाने त्याचे दोन्ही कान गेले होते, त्यामुळे तिला ओरडून बोलायची सवय लागली होती. तो मरून तीस वर्षं झाली तरी ती ओरडूनच बोलायची.

गोऱ्या बायकांना अरबी येत नसे. त्या माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, हिचा नवरा मोत्यांच्या धंद्यात होता. एवढंच भाषांतर मी करत असे. तिजोरीतले पासपोर्ट कसे दिसतात ते मला माहीत होतं.

तिच्या काही सवयी होत्या. खोलीच्या मधून ती कधी चालत नसे, भिंतीच्या कडेने चालायची. दम्मामसारख्या समुद्रकाठच्या गावात एवढी वर्षं राहून ती समुद्राकडे बघत नसे. एकदा सगळं कुटुंब किनाऱ्यावर जेवायला गेलं तेव्हा आम्हालाही बोलावलं होतं. सगळे पाण्याकडे तोंड करून बसले. मबरूका उभ्या केलेल्या गाड्यांकडे तोंड करून बसली आणि तशीच जेवली. घाई कसली ती तिला नव्हतीच. उम्म फैसल मागे लागली, "यल्ला, मबरूका, यल्ला!" की ही म्हणायची, "बापाचं नाव असलेल्यांनी घाई करावी. मला काय?"

आणि खजूर. कोणत्याही मुलाच्या हातात ती खजूर देत नसे. बशीत ठेवायची, बशी जमिनीवर ठेवायची आणि तीन पावलं मागे सरकायची. मुलाने येऊन स्वतः उचलायचा. मला वाटायचं ही स्वच्छतेची तऱ्हा असेल. विचारलं तेव्हा तिने सांगितलं, अगदी बाजारभाव सांगावा तसं.

"मी नसीमपेक्षा लहान होते. विहिरीजवळ खेळत होते. एका माणसाने तळहातावर खजूर धरला. मी पुढे गेले. आणखी एक धरला. मी आणखी पुढे गेले. मग होडी आली."

"कुठे होती विहीर?"

"समुद्राच्या पलीकडे. काळ्यांच्या देशात. गावाचं नाव गेलं. माझं नावही गेलं, उम्म नसीम. हाक मारायला कोणी नसलं की नाव जातं. मबरूका इथे ठेवलं. आईचं मात्र राहिलंय. विहिरीवर बायका तिला हाक मारायच्या ना. चौसिकू. चौसिकू, दोर सोड. चौसिकू, मुलीला सांभाळ."

म्युझियमच्या मधल्या खोलीत पितळी खिळे ठोकलेली सागवानी पेटी होती, मुंबईहून आलेली. मबरूकाने तिच्यावर थाप मारली. "ही तुझ्याकडून आली, मी तिकडून. दोघी एकाच पाण्याने आलो. हिच्या कार्डावर मुंबई लिहिलंस ना?"

लिहिलं होतं.

मी मुरूडजवळची. घराच्या ओट्यावरून जंजिरा दिसायचा. तिथे सिद्द्यांनी शेकडो वर्षं राज्य केलं हे शाळेत पाठ केलं होतं. त्यांचे मूळ पुरुष त्या किनाऱ्यावर कसे आले असतील, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे पाणी भरायला एक सिद्दीण यायची. सावळं मूल झालं की बायका नाक मुरडून 'हबशी' म्हणायच्या, तिच्यासमोरच. ती हंडा उतरवून निघून जायची. मबरूका बोलत असताना मला तिचा हंडा आठवला. चेहरा नाही आठवला.

एकदा मी विचारलं, "बासष्ट साली बादशहाने गुलामी बंद केली. तेव्हा काय झालं?"

"शेखांचे वडील म्हणाले, मबरूका, तू मोकळी. मी म्हटलं, कुठे जाऊ? ते म्हणाले, जायचं असेल तिथे जा." तिने कॉफीचं भांडं पुसून उपडं ठेवलं. "संध्याकाळची कॉफी मीच केली. दुसरं कोण करणार होतं?"

आता कार्डाची गोष्ट.

तिसऱ्या खोलीत एक जुना फोटो होता. शेखांचे आजोबा, मुलगे, नोकरचाकर. डाव्या टोकाला एक काळी मुलगी, कडेवर गुबगुबीत बाळ. ती मुलगी म्हणजे मबरूका आणि बाळ म्हणजे आमचा कफील. त्याचं नाव घेताना इक्बालचा आवाज खाली यायचा. मबरूका फोटोवर बोट ठेवून म्हणायची, "हा माझ्या अंगावर किती वेळा मुतलाय, विचार त्याला!" आणि स्वतःच मोठ्याने हसायची.

फोटोचं कार्ड करायची वेळ आली तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली. "माझं नाव लिहिशील. पण नुसतं नको. नुसतं नाव मांजराला असतं. सगळ्यांच्या नावापुढे कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी ते असतं. बाप मला ठाऊक नाही. आईचं लिही. मबरूका बिन्त चौसिकू."

मी हो म्हटलं. पण उम्म फैसलने सांगितलेल्या मजकुरात ते नव्हतं. आजोबा, मुलगे, सगळ्यांची नावं बापाच्या नावासकट होती. डाव्या टोकाला तिने नुसतं बोट फिरवलं होतं आणि म्हणाली होती, "ही घरचीच." घरचीच असं कार्डावर लिहिता येत नाही. मी लिहिलं: डावीकडे, मोलकरीण. आणि टिंब दिलं. मला कोणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अजून अकरा कार्डं व्हायची होती.

संध्याकाळी मबरूकाने कार्डाखाली बोट धरलं. तिला वाचता येत नव्हतं. "इथे काय आहे?"

"तुमचं नाव."

"पूर्ण?"

"पूर्ण."

घरी जायची वेळ झाली होती, म्हणून मी ते बोलले. दुसरं कारण शोधूनही सापडलेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी ती धूळ पुसायची तेव्हा बाकीच्या कार्डांवरून फडकं फिरवायची. या कार्डापाशी फडकं खांद्यावर टाकायची आणि बोटाने पुसायची, उजवीकडून डावीकडे, सावकाश. मी ते महिनाभर पाहिलं. एकदा तरी कार्ड बदलावं असं मनात आलं, पण मग उम्म फैसलला सांगावं लागलं असतं. मी टाइप करत राहिले.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी नसीमच्या शाळेच्या वीसेक मुली आल्या. युद्धाच्या बातम्यांनी शिक्षिका घाबरलेल्या होत्या, पण सहल आधीच ठरली होती. उम्म फैसल पुढे गेली आणि मबरूकाने नेहमीप्रमाणे मागच्या मुलींना थांबवलं. नाकाचा चिमटा झाला, खजुराची बशी झाली. मग ती फोटोपाशी गेली. मी दारात होते.

"यात मी कोण ते ओळखा! नाव लिहिलंय." तिने नसीमला पुढे घेतलं. "तू अरबी वाचतेस ना? माझं नाव वाच. मोठ्याने वाच, मला आवडतं."

नसीमने वाचलं. शाळेत शिकवतात तसं, एकेक अक्षर नीट.

"डावीकडे, मोलकरीण."

"पुढे?"

"पुढे काही नाही, खाला. टिंब आहे."

मबरूका कार्डाकडे बघत होती, जणू अक्षरं आता दिसायला लागली होती. मग तिने खाली वाकून बशी उचलली, दोन खजूर ठेवले, बशी नसीमच्या पायांपाशी ठेवली आणि तीन पावलं मागे झाली.

"शाबास. तू खरं वाचतेस."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. घरी जाताना नसीमने विचारलं, "मम्मी, उनका नाम तो लिखा ही नहीं था. उनको किसने बोला के लिखा है?"

"गप चाल," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी उम्म नसीम राहिले नाही. ती मला 'कातिबा' म्हणायला लागली. कातिबा म्हणजे लिहिणारी, कारकून. "कातिबा, कॉफी." "कातिबा, दार." आवाजात राग नसायचा. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. आणि ते कार्ड ती आता पुसत नव्हती. महिन्याभरात त्यावर धूळ साचली, फक्त त्याच्यावर.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी ड्रायव्हर आला. नसीमला एकटी ठेवणं शक्य नव्हतं, तिलाही घेतलं. आदल्या रात्री सायरन दोनदा वाजला होता आणि दोघींचे डोळे सुजले होते. निघताना मी कपाटावरचा जादा मास्कही घेतला. इक्बालला प्लान्टवर एक मिळाला होता, घरी कंपनीने तिघांचे दिले होते, त्यामुळे एक उरला होता. शेखांकडे नऊ मास्क आले आहेत हे मला उम्म फैसलकडूनच कळलं होतं. नवरा-बायको, सहा मुलं, शेखांची आई. मबरूकाला मुद्दाम वगळलं होतं असं नाही. मोजताना ती मोजण्यात आली नाही, इतकंच.

मी मास्कची पिशवी तिच्यापुढे धरली.

तिने मास्क काढून उलटासुलटा पाहिला. "हे डुकराचं तोंड लावून मी नमाजाला उभी राहू?" आणि नेऊन नवरीच्या पुतळ्याला घातला. नसीम खदखदून हसली, बऱ्याच दिवसांनी. पण पुतळ्याकडे दुसऱ्यांदा बघवेना. जरीचा पोशाख, मेंदी रंगवलेले लाकडी हात आणि वर ते काचेचे डोळे. मबरूकालाही बघवलं नसावं. तिने तो लगेच काढला.

दुपारपर्यंत आम्ही दोन खोल्या बांधल्या. मी यादी करत होते, ती वस्तू जुन्या चादरींत गुंडाळत होती. फोटो आला तेव्हा मी फ्रेमवरचं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि नवं कार्ड घेतलं. आदल्या रात्री बाथरूममध्ये बसल्या बसल्या मजकूर ठरवला होता. अरबीत लिहिलं: मबरूका बिन्त चौसिकू. लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणून या घरात विकली गेली. कडेवर या घरचा मुलगा.

"हे फ्रेमच्या मागे लावते," मी म्हटलं. "आतल्या कागदाखाली."

"मागे का? पुढे जागा नाही?"

"पुढे लावलं तर काढतील. मागे राहील."

तिने विचार केला. घाई नव्हतीच. "बरं. पण त्यात काय आहे ते तू सांगू नकोस, कातिबा. तिला बोलाव."

नसीम आली. कार्ड हातात घेऊन वाचायला लागली. 'बिन्त चौसिकू' वाचून झालं आणि मबरूका म्हणाली, "पुन्हा." नसीमने पुन्हा वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचत असताना दारात उम्म फैसल उभी असलेली मला दिसली. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. नसीमची तिच्याकडे पाठ होती. तिने पुढचंही वाचलं, पळवून आणून, विकली गेली, सगळं. मला पासपोर्ट आठवले. आणि प्लान्टवरचा इक्बाल.

उम्म फैसल आत आली. तिने कार्ड मागितलं नाही.

"चौसिकू कोण?" तिने विचारलं.

"माझी आई," मबरूका म्हणाली.

"तुला आई होती?"

बिचारी वाईट मनाने बोलली नव्हती. चाळीस वर्षं त्या घरात सून म्हणून काढून तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"सगळ्यांना असते, उम्म फैसल," मबरूका म्हणाली. एरवी ओरडून बोलणारी ती, हे मात्र हळू बोलली.

उम्म फैसलने फोटोतल्या मुलीकडे पाहिलं, मग कडेवरच्या आपल्या नवऱ्याकडे. बुरख्याची कड दोन-तीनदा सारखी केली. "लवकर करा," ती म्हणाली. "दुपार कलायच्या आत, अस्रच्या नमाजाआधी निघायचंय." आणि गेली. लाव म्हणाली नाही, काढ म्हणाली नाही. मी मागचा कागद उचकटला, कार्ड आत सरकवलं, वरून पट्टी लावली. बाथरूमच्या खिडकीला लावून उरलेली तीच पट्टी. या वेळी सरळ लागली.

निघताना दोन मोठ्या गाड्या आणि एक ट्रक होता. मुलं पुढच्या गाडीत. मबरूका मागच्या गाडीत, अगदी मागे, खोक्यांच्या मधे. मास्कची पिशवी तिने मांडीवर घेतली होती. मास्क कुठे ठेवला ते माहीत नाही, पिशवीत खजूर भरले होते. ताइफ लांब, वाटेत काय मिळेल कोण जाणे. गाडी फाटकापाशी थांबली तेव्हा तिने काच खाली केली, मूठभर खजूर काढले आणि फाटकाच्या खांबावर ठेवले. नसीमने उचलायच्या आत हात आत घेतला.

"उम्म नसीम!" ती ओरडली. मला इतक्या दिवसांनी ते ऐकू आलं आणि मी नुसता हात वर केला. रस्ता समुद्राच्या कडेने जात होता. गाडी वळली आणि मागच्या काचेतून ती दिसली, पाण्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करून, ताठ.

एप्रिलमध्ये खोकी परत आली. ती आली नाही. ताइफच्या थंडीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेली, असं उम्म फैसल म्हणाली. फोटो पुन्हा भिंतीवर लागला. कोणी नसताना मी मागे हात घातला. पट्टी होती तशीच होती.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी रात्री पुन्हा सायरन झाला. मंगळवारी सकाळी नसीमला चहा-पाव दिला आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी मुरूडला अम्माला पत्र लिहायला बसले. टपाल जातंय की नाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर तिला आमची काही खबर नव्हती, तेव्हा आधी खुशाली लिहायला हवी होती. मी लिहिलं: अम्मा, आपल्याकडे पाणी भरायला येणाऱ्या सिद्दिणीचं नाव काय होतं? तिच्या आईचं माहीत असेल तर तेही कळव. मग खाली लिहिलं, आम्ही ठीक आहोत. पाकीट बंद केलं, नसीमचा हात धरला आणि पोस्टाची पेटी उघडी आहे का बघायला खाली उतरले.